पडतं घेणं

मुरोरानला, बंदरामागच्या गल्लीत,
जिथं एके काळी मासेमारीची जाळी दुरुस्त करायचे
त्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर
बुधवारी आणि शनिवारी सात बायका पडतात.
धप्प. धप्प.
मग जरा वेळानं, एकटीच, धप्प.
खालचा तोफूवाला म्हणतो,
रोज एवढी माणसं पडतात
आणि रडत कसं कोणी नाही?

फुमिनो आली ती मारायला शिकायला.
औषधाच्या दुकानात रात्रपाळी,
साडेअकराची शेवटची बस,
आणि थांब्यापासून घरापर्यंत
बर्फात उमटलेल्या तिच्याच पावलांत पाय टाकत येणारा एकजण.
बोलायचा नाही. एकदा फक्त खोकला,
आणि तिला कळलं,
याला आपणच औषध दिलंय,
सुट्टे पैसे दोन्ही हातांनी परत केलेत, वाकून.
कधी यायचा, कधी नाही.
न येण्याच्या रात्री जास्त लांब.

कुवाबाराबाई त्र्याहत्तरच्या,
खांद्याला जेमतेम लागतील एवढ्या.
सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,
पडता येतं का?

तीन महिने मग तेवढंच.
हनुवटी छातीशी, पाठ टोपलीसारखी गोल,
आणि जमिनीनं मारायच्या आत
आपणच तळव्यानं तिला एक सणसणीत चापट.
आले गं, असं सांगायचं तिला, बाई म्हणत.

त्यांच्या भाषेत या पडण्याला उकेमी म्हणतात,
म्हणजे अंगावर घेणं, अंगानं घेणं.
माझ्या भाषेत पडतं घेणं म्हणजे
वाद नको म्हणून गप्प बसणं,
ताटातलं वाढून देणं,
आपल्याच पायावर पाय देणाऱ्याला सॉरी म्हणणं.
हे फुमिनोला जन्मापासून येत होतं.
दोन्हीकडे शब्द तोच, घेणं.
काय घ्यायचं ते मात्र
तिला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं.

चौथ्या महिन्यात मनगट.
मूठ कितीही आवळलेली असो,
अंगठा आणि बोटं भेटतात तिथं फट असते,
सुटायचं ते तिथूनच.
दाखवताना बाईंची बाही वर सरकली.
मनगटाचं हाड वेडंवाकडं सांधलेलं, जुनं.
तुम्ही हे कधी शिकलात? कोणीतरी विचारलं.
उशिरा, बाई म्हणाल्या,
आणि बाही खाली घेतली.

एप्रिलात बर्फाचा राडा झाला होता तेव्हा
त्यानं तिचं मनगट धरलं.

शिकलेलं काही शिकवलेल्या क्रमानं आलं नाही.
आधी पायच घसरला.
ती पडली, आणि मूठ सोडायचं न सुचून
तोही तिच्यावरून ओढला गेला.
तिची हनुवटी छातीशी. तळवा जमिनीवर.
तो पडला माणसं पडतात तसा,
ताठ, कोपरावर.
फट.
अंगठा.
मनगट तिचं तिला परत.
मग तिच्या तोंडून जे निघालं
त्याला शब्द म्हणता येणार नाही,
पण समोरच्या इमारतीत तीन खिडक्या उजळल्या.
एका पायात बूट, एक चिखलात, ती पळाली.
चौकीत तिला स्वतःचा पत्ता धड सांगता येईना,
त्याचं औषध मात्र सांगितलं,
कोरड्या खोकल्याचं, बिनसाखरेचं,
दर दहा दिवसांनी एक बाटली.

शनिवारी ती आली.
बाईंनी तळव्यावरचं काळंनिळं पाहिलं, उलटून पाहिलं.
डावा पाय मागं राहिला असणार, म्हणाल्या.
हो.
तिथं जरा लक्ष दे.
आणि चहाचा पेला तिच्या हातात दिला.

पेला बशीवर वाजायला लागला, थांबेना.
बाईंनी थांबवला नाही.
इतर सहाजणी भिंतीशी बसून राहिल्या.

खाली तोफूवाल्यानं सुरी ठेवली.
वर कोणी पडत नव्हतं,
आणि जे ऐकू येत होतं
ते त्यानं पाच महिन्यांत ऐकलं नव्हतं.
दुकानात एक गिऱ्हाईक होतं, तेही छताकडे बघायला लागलं.
तेव्हा सोयाबीनचा एक दाणा आत नसताना
त्यानं दळायचं यंत्र सुरू केलं,
आणि बराच वेळ
चालू ठेवलं.